व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा मुंबईत चालेल का? फुजीफिल्म एक्स-एम५, पहिलं मत

चर्चगेट_स्लो

एक्स-एम५ घेतल्यापासून तो माझ्या ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी असतो. पहिलं मत मांडतोय. विरोधी मतंही हवी आहेत, कारण माझ्या ओळखीच्या फोटोग्राफर मंडळींत या कॅमेऱ्यावरून सरळ दोन तट पडलेत.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला. लेन्स बदलता येते. बॅटरी आणि कार्ड धरून ३५५ ग्रॅम. आत २६ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर (फोनच्या सेन्सरपेक्षा बराच मोठा), म्हणजे २०१८च्या एक्स-टी३पासून चालत आलेल्या पिढीतला, पण प्रोसेसर नवा. सोबतची १५-४५ किट लेन्स १३५ ग्रॅमची. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाही. त्यासाठी कंपनीने तीन गोष्टी दिलेल्या नाहीत: डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, पाण्याधुळीपासून सीलिंग नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या शहरात रोज फोटो काढायचे असतील तर हा सौदा फायद्याचा आहे. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये जो कॅमेरा घेऊन चढता येत नाही, तो रविवारचा कॅमेरा होतो, आणि पुढे कपाटातला.

दुसरा मुद्दा, लोकांच्या वागण्याचा. दादरच्या फूल मार्केटमध्ये पहाटे मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस हातातलं काम थांबवून कॅमेऱ्याकडे बघतो किंवा तोंड फिरवतो. हा छातीशी धरून स्क्रीन थोडी वर वळवली की झेंडूच्या राशीवर पाणी मारणारा पाणी मारत राहतो. मावशी पाकळ्या निवडत राहतात. मला तेच हवं असतं.

डाव्या हाताला फिल्म सिम्युलेशनची, म्हणजे जुन्या फिल्म रोलसारखे रंग निवडायची डायल आहे. अनेकांना ती शोभेची वाटते, मला नाही. झेंडूचा ढीग ‘व्हेल्व्हिया’वर काढा, केशरी रंग इतका चढतो की पाकळ्या एकमेकींत मिसळून जातात. तीच फ्रेम ‘अ‍ॅस्टिया’वर किंवा ‘क्लासिक निगेटिव्ह’वर काढा, पाकळीची कड शाबूत राहते. हे मेन्यूत शिरून करावं लागलं असतं तर त्या गर्दीत मी केलं नसतं.

सांज_आवृत्ती

असहमत, आणि ठामपणे असहमत. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले आहेत. पहाटेचा दादर घेऊन कॅमेऱ्याची परीक्षा कशी होईल? मे महिन्यात दुपारी एक वाजता आझाद मैदानात मोर्चा कव्हर करा. उन्हात कुठल्याही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पहिल्यांदा दिसतं ते स्वतःचं तोंड आणि मागचं आभाळ. मग माणूस अंदाजाने फ्रेम करतो. पांढऱ्या टोप्या जळाल्या (जास्त उजेडाने नुसत्या पांढऱ्या झाल्या) की राहिल्या, हे घरी गेल्यावर कळतं.

दुसरं म्हणजे आधार. कॅमेरा कपाळाला टेकला की दोन हात आणि डोकं असा तीन बाजूंनी आधार मिळतो. हात पुढे करून धरला की तो गेला, त्यात बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. दोन्ही एकाच वेळी काढून घेणं मला पटत नाही. एक काढलं असतं तर समजू शकलो असतो. शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी टिपायला लांब लेन्स लावून हात पुढे करून उभे राहा, मग बोलू.

हा वाद नवा नाही. २००९ मध्ये ऑलिंपसने ई-पी१ काढला तेव्हा हेच घडलं होतं, सुटसुटीत बॉडी पण व्ह्यूफाइंडर नाही. त्याच वर्षी ई-पी२ आला आणि त्यावर बाहेरून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर लावायची सोय दिली. एक्स-एम५ला तीही सोय नाही.

वर्सोवा_रील्स

काका, तुमचा मोर्चाचा मुद्दा मान्य. पण हा कॅमेरा ज्यांच्यासाठी आहे त्यांत माझ्यासारखेही येतात. मी कोळीवाड्यातल्या सणांचे, मासळीच्या पाककृतींचे व्हिडिओ करते. व्हिडिओ करताना डोळा व्ह्यूफाइंडरला कोण लावतं? स्क्रीन बाजूला उघडून पूर्ण वळते, मला तीच हवी.

यात ६.२के ओपन गेट आहे, म्हणजे सेन्सरचा पूर्ण ३:२ भाग रेकॉर्ड होतो. एकदाच शूट करायचं, त्यातूनच उभं रील आणि आडवा व्हिडिओ दोन्ही कापायचे. आधी मी प्रत्येक गोष्ट दोनदा शूट करायचे, आणि सुरमई तव्यावर एकदाच उलटते! बॉडीत तीन माइक आहेत, आवाज पुढून, मागून की दोन्हीकडून घ्यायचा ते ठरवता येतं. माइक आणि हेडफोन, दोन्हीसाठी वेगळे जॅक आहेत, जे या किमतीत सहसा मिळत नाहीत. समुद्रावर मात्र वाऱ्याचा आवाज शिरतोच, तिथे बाहेरचा माइक आणि त्यावर फरचं कव्हर लागतंच.

लालबाग_नाइट

व्हिडिओचं ठीक. मी रात्रीचं बोलतो. गणपतीत मंडपातल्या एलईडी लाइटखाली सायलेंट म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर (पडद्याशिवाय, सेन्सर ओळीओळीने वाचणारं) लावलात तर फोटोभर आडवे पट्टे येतील. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंद वेग ठेवला तर बहुतेक वेळा सुटका होते. पण १/५०वर हात स्थिर हवा, आणि स्टॅबिलायझेशन तर काढून टाकलंय. किट लेन्समध्ये ओआयएस (लेन्समधलं स्टॅबिलायझेशन) आहे, पण झूम केलं की ती एफ/५.६ होते, म्हणजे उजेड कमी घेते, मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कुठच्या कुठे जातो.

याच कंपनीचा एक्स-एस२० बघा. ४९१ ग्रॅम. फक्त १३६ ग्रॅम जास्त घेऊन व्ह्यूफाइंडर मिळतो, बॉडीत स्टॅबिलायझेशन मिळतं, मोठी बॅटरी मिळते. सेन्सर त्याच पिढीचा. १३६ ग्रॅमसाठी एवढं सगळं सोडायचं?

चर्चगेट_स्लो

@लालबाग_नाइट, १३६ ग्रॅमबरोबर किंमतही येते हे राहिलं. अमेरिकेत जाहीर झाली तेव्हा एक्स-एम५ बॉडी ७९९ डॉलर होती, एक्स-एस२० १२९९ डॉलर. आपल्याकडचे आकडे वेगळे, पण अंतर आहेच. त्या अंतरात एक चांगली लेन्स येते.

आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत स्टॅबिलायझेशन काय कामाचं? ते तुमचा हात स्थिर ठेवतं, नाचणाऱ्याचा हात नाही. ढोलवाल्याचा टिपरू हवेत थांबवायचा तर १/२५०च्या पुढे जावंच लागतं, तिथे उजेड लागतो. म्हणून म्हणतो, पैसे लेन्समध्ये घाला. ३५ एफ/२ लेन्स १७० ग्रॅमची आहे. एफ/५.६वरून एफ/२वर आलात की तीन स्टॉप, म्हणजे जवळजवळ आठपट उजेड. मंडपात स्थिर मूर्ती काढताना स्टॅबिलायझेशन उपयोगी पडतं, हे खरं. पण लालबागच्या रस्त्यावर स्थिर असतं तरी काय?

डोंबिवली_फास्ट

व्ह्यूफाइंडर आणि हलकेपणा यांतलं एकच निवडावं लागतं, हे गृहीतच चुकीचं आहे. कॅननचा ईओएस आर५० फेब्रुवारी २०२३मध्ये आला. बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, एक्स-एम५पेक्षा फक्त २० ग्रॅम जास्त. त्यात व्ह्यूफाइंडर आहे, छोटा फ्लॅशसुद्धा आहे, २४ मेगापिक्सेल आहेत. जाहीर किंमत ६७९ डॉलर, म्हणजे उलट कमी. त्यावर २८ एफ/२.८ची चपटी लेन्स लावा, १२० ग्रॅम. मी स्वतः हेच वापरतो, तेही डोंबिवलीहून, चर्चगेट स्लोपेक्षा वाईट गर्दीत.

म्हणजे वजनासाठी व्ह्यूफाइंडर काढावा लागला, ही सबब टिकत नाही. कंपनीने तो ठेवायचा नाही असं ठरवलं, एवढंच.

सांज_आवृत्ती

+१. मला जे म्हणायचं होतं ते यांनी आकड्यांत सांगितलं.

चर्चगेट_स्लो

@डोंबिवली_फास्ट, आर५०चा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे, आणि नवीन माणसाने दोन्ही हातात धरून बघावेत असं मीही म्हणेन. तरी मी एक्स-एम५च घेईन. कारण सांगतो.

आर५०वर सेटिंगसाठी एकच डायल आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं तोंड) बदलायचं, मग एक्स्पोजर (फोटो किती उजळ) बदलायचं, दोन्हीसाठी तेच बोट आणि मध्ये एक बटण. एक्स-एम५वर पुढे एक, मागे एक, अशा दोन डायल आहेत. खोताच्या वाडीत गल्लीच्या एका बाजूला लख्ख ऊन आणि लाकडी व्हरांड्यात अंधार असतो. तिथे चालता चालता दोन पावलांत एक्स्पोजर बदलावं लागतं, आणि तेव्हा हा फरक हाताला कळतो. दुसरं, २७ एफ/२.८ लेन्स ८४ ग्रॅमची आहे आणि तिच्यावर अ‍ॅपर्चरची रिंग आहे. ती लावली की कॅमेरा एका हाताने चालतो, दुसऱ्या हाताने वरची कडी धरता येते.

कपाळाच्या आधाराबद्दल सांज आवृत्ती काकांना: पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ढकला, पट्टा ताठ होईपर्यंत. मान आणि दोन हात, तिसरा आधार मिळतो. शिवडीला हे पुरणार नाही, मान्य. पण शिवडीसाठी हा कॅमेरा घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

बोराबझार_रिपेअर

व्ह्यूफाइंडरवर सगळे भांडताय. फोर्टात आमच्या टेबलावर जे येतं ते वेगळंच असतं: बुरशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला ओलावा, आणि कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये बंद कपाटात. लेन्सच्या काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी दिसते. सुरुवातीला पकडली तर साफ होते. कोटिंग खाल्लं की डाग कायमचा. यात महाग-स्वस्त काही नाही.

सीलिंग नाही म्हणून एक्स-एम५ नाकारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की सीलिंग बॉडीला आणि लेन्सला दोन्हीकडे असेल तरच अर्थ आहे. आणि सीलिंगने पावसाचा शिंतोडा अडतो, ओलावा अडत नाही. झूम लेन्स पुढे-मागे होते तेव्हा हवा आत घेते, त्या हवेबरोबर ओलावाही.

काय करायचं ते सांगतो. रबरची कड असलेला हवाबंद डबा घ्या, तळाशी सिलिका जेल. निळ्या दाण्यांची जेल गुलाबी झाली की ओलावा पिऊन भरली. मंद आचेवर गरम करा, परत निळी होते. महागड्या ड्राय कॅबिनेटशिवायही काम भागतं. चामड्याची केस डब्यात ठेवू नका, ती स्वतःच ओलावा धरते.

एसी लोकलवाल्यांसाठी: गारठलेला कॅमेरा स्टेशनवर उतरल्या उतरल्या बाहेर काढला की काचेवर दव जमतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा जमतं. बॅगेची चेन बंदच ठेवा, आतल्या आत कॅमेरा बाहेरच्या उष्णतेला येऊ द्या, मग काढा. आणि काही झालं तरी तेव्हा लेन्स बदलू नका, तेच दव सेन्सरवर बसतं. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर उभे राहिलात तर घरी येऊन बॉडी किंचित ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. मीठ राहिलं की डायल कुरकुरायला लागतात.

वर्सोवा_रील्स

बोराबझार दादा, चेन बंद ठेवायचं आधी कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

फोन_खिशात

एवढं वजन मोजताय तर फोनच का नाही? तो तर खिशातच असतो.

लालबाग_नाइट

कारण फोनच्या सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या तुलनेत फारच कमी असतं. रात्री मंडपात फोन अनेक फ्रेम जोडून फोटो बनवतो, त्यात नाचणाऱ्यांचे हात पुसट होतात. आणि लेन्स बदलता येत नाही. एक्स-एम५वर मी टीका करतोय, पण फोनच्या बाजूने नाही.

सांज_आवृत्ती

@चर्चगेट_स्लो, पट्टा ताणायची युक्ती आम्हीही वापरली आहे, मोर्च्यात डोक्यावरून फ्रेम घेताना नाही पण कमरेच्या उंचीवरून घेताना. आधाराचा प्रश्न त्याने थोडा सुटतो, उन्हाचा नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवला तर बॅटरी लवकर उतरते, आणि वाढवलेल्या ब्राइटनेसवर एक्स्पोजरचा अंदाज चुकतो, फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. उन्हात काम करायचंच असेल तर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) लावून ठेवा, स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

जे नवीन घेणार आहेत त्यांना माझी एकच विनंती. दुकानात एसी आणि ट्यूबलाइटखाली प्रत्येक स्क्रीन सुंदर दिसते. दुकानदाराला विचारून कॅमेरा दारापर्यंत न्या, दुपारी बाराच्या सुमारास, डी. एन. रोडच्या फुटपाथवर, आणि समोरच्या कमानीखालचा माणूस स्क्रीनवर दिसतो का बघा. मग एक्स-एम५ घ्या नाहीतर आर५०.

चर्चगेट_स्लो

ही चाचणी मला मान्य आहे, फक्त स्क्रीन वर वळवून, कमरेशी धरून बघा; अंगाची सावली स्क्रीनवर पडते. मी रोज तशीच धरतो.

सांज_आवृत्ती

बाराला सूर्य डोक्यावर असतो. सावली कुठून आणणार?