कीबोर्डची बटणं बदलून टाइप करताय? अनुभव सांगा

कॉपी, पेस्ट, सेव्ह, अन्डू. सगळा भार डाव्या करंगळीवर, आणि कंट्रोल पार खालच्या कोपऱ्यात. संध्याकाळी करंगळी ठणकायची. विंडोजवरच्या पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातल्या कीबोर्ड मॅनेजरने मी कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकलं. आठवडाभर बोट जुन्याच जागी जायचं, पण महिन्याभरात ठणका थांबला. तुम्ही कोणतं बटण हलवलं, आणि त्यातलं काय टिकलं?

—

लिनक्सवर कीडी (keyd) हा बटणं बदलणारा प्रोग्राम वापरतो. कॅप्स लॉक नुसतं टिचकलं की एस्केप, दाबून धरलं की कंट्रोल. विम हा एडिटर वापरणाऱ्यांनी एकदा करून बघाच, त्यात एस्केप सारखं लागतं.

—

पॉवरटॉइजवाल्यांनो, एक लक्षात ठेवा. लॉगिनच्या पडद्यावर हे बदल चालत नाहीत. मी कॅप्स लॉकचं शिफ्ट केलं होतं, त्यामुळे पासवर्ड सारखा चुकायचा. शेवटी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) स्कॅनकोड मॅपमध्ये, म्हणजे बटणांच्या नोंदीत, बदल केला. रीस्टार्टनंतर तो लॉगिनलाही लागू झाला.

—

मी सगळी मांडणीच बदलली. आधी ड्व्होराक, १९३६ च्या पेटंटवाली. सगळे स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली येतात, बोटांची धावपळ खरंच कमी होते. पण झेड, एक्स, सी, व्ही विखुरतात आणि कॉपी-पेस्टची सवय मोडते, ते मला सोसलं नाही. २००६ ची कोलमॅक ही चार बटणं जागेवर ठेवते, शिवाय कॅप्स लॉकवर बॅकस्पेस देते. तिथे रमलो. दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की मात्र पहिली पाच मिनिटं बोटं अडखळतात.

—

मी दिवसभर मराठीच टाइप करते, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत. मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात आणि लय छान लागते. ती लय मोडायची शिफ्टपाशी. ख, घ, ध, भ, ळ, शिवाय अ, आ, इ हे सुटे स्वर, सगळे शिफ्ट धरून. मराठी मजकुरात ही अक्षरं ओळीओळीला येतात! अंगठा मात्र स्पेसबारपुरताच. म्हणून डाव्या ऑल्टला शिफ्ट केलं आणि ऑल्टचं काम कॅप्स लॉककडे दिलं. आता 'भ' लिहिताना डावा अंगठा किंचित सरकतो, मनगट हलत नाही. पहिले तीन दिवस वेग निम्म्यावर आला होता, तेव्हा घाईचं काम हातात घेऊ नका.

—

इनस्क्रिप्टचं वाचून आजच डावं ऑल्ट बदललं. 'ळ' आताच हलका वाटतोय. आठवड्याने पुन्हा लिहितो.