घाटात गाडी तापते, गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलं. आधी काय तपासू?

मेघना_कराड

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ८७ हजार किलोमीटर झालेली. राहते कराडला, माहेर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट चुकत नाही.

चिपळूणहून येताना पोफळी सोडून चढ लागला की एसी चालू असताना काटा निम्म्यावरून एकदम वर उडतो. थांबून बॉनेट उघडलं तर बाजूच्या बाटलीत कूलंट खदखदून बाहेर आलेलं असतं. अर्धा तास थांबायचं, एसी बंद करायचा, मग कशीबशी वर येते. गंमत म्हणजे कराडात कोल्हापूर नाक्यावर कितीही ट्रॅफिकमध्ये अडकले तरी काही होत नाही. सपाट रस्त्यालाही नाही.

गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला (“आपल्याकडं थंडी कुठं असते, लागत नाही तो”). फरक शून्य. आता म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पातळ पट्टी) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागेल, पंचवीस हजार धरून चला. तपासणी काय केली विचारलं तर “अनुभवावरून कळतं”.

माझ्या बाजूने एवढं सांगू शकते: ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. घाटातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं की रेडिएटरचा वरचा रबरी पाइप चपटा झालेला दिसतो. भावाचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवतो तो) लावून इंजिनाच्या तापमानाचे आकडे बघितले. पाटण रस्त्याला सकाळी ७१ ते ७४ अंश, घाटात १०९.

पंचवीस हजार घालायच्या आधी घरी काही तपासता येईल का?

सातारी_सीएनजी

ताई, वॉटर पंप बघा. ८७ हजार म्हणजे पंपाचं वय झालंच. आतल्या पात्या गंजून झिजतात, बाहेरून पंप फिरतोय असं दिसतं पण पाणी ढकलत नाही. थर्मोस्टॅटची काळजी करू नका. माझ्या गाडीला तो कित्येक वर्षं नाही, काही अडलेलं नाही.

रेडिएटरवाला_उद्यमनगर

मेघनाताई, कोल्हापुरात उद्यमनगरात रेडिएटरच्या कामात माझा जन्म गेला. पितळी रेडिएटर होते तेव्हा टाकीचा डाख सोडवायचा, नळ्यांतून पट्टी घालायची, परत डाख द्यायचा. आता ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या, उघडून साफ करायची सोयच राहिली नाही. पण गाडी तापायची कारणं बदललेली नाहीत, तीच चार-पाच आहेत. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे.

पहिली गोष्ट, गाडी *कुठं* तापते. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापली तर पंखा, त्याचा रिले, फ्यूज, सेन्सर बघायचा. कारण तिथं वारा फक्त पंख्याचा. तुमची ट्रॅफिकमध्ये तापत नाही, म्हणजे पंखा आपलं काम करतोय. चढाला तापते म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिनावर भार मोठा, गाडीचा वेग तीसचा, समोरचा वारा नाही, आणि वर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं असलेली एसीची जाळी) स्वतःची उष्णता रेडिएटरच्याच तोंडावर सोडतोय. गाडीच्या थंड करण्याच्या व्यवस्थेची खरी परीक्षा तिथंच होते.

दुसरी गोष्ट, तो चपटा पाइप. याच्याकडं तुमच्या गॅरेजवाल्यानं बघितलंच नाही. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की उघडते आणि पाणी बाटलीत सोडते. मधली छोटी उलट्या दिशेची. इंजिन गार झालं की पाणी आकसतं, आत ओढ तयार होते, तेव्हा ही उघडून बाटलीतलं पाणी परत आत घेते. ती चिकटली, किंवा बाटलीकडं जाणारी बारीक नळी चोंदली, की पाणी परत येत नाही आणि पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो. म्हणजे प्रत्येक घाटाला रेडिएटरमधलं पाणी कमी होणार आणि बाटलीतलं वाढणार. बाटली भरलेली बघून माणूस निर्धास्त राहतो, आणि वर रेडिएटर रिकामा. गार इंजिनावर झाकण उघडून पातळी बघा. *गार* इंजिनावर म्हणतोय. गरम असताना झाकणाला हात लावणाऱ्यांचे चेहरे मी बघितलेत.

आता या चपट्या पाइपवरून आणखी एक कळतं. आत ओढ टिकून राहिली म्हणजे कुठून हवा शिरत नाही. हेड गॅस्केट फुटून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबलेला वायू, पाण्यात येत असेल तर बहुतेक वेळा उलटं दिसतं: सकाळीसुद्धा पाइप फुगलेला, कडक. यावरून गॅस्केट शंभर टक्के चांगलं असं मी म्हणणार नाही, पण पंचवीस हजार काढायच्या आधी गॅस्केटवर शंका घ्यायला काहीतरी पुरावा पाहिजे की.

पुरावा कसा काढायचा ते सांगतो. सकाळी गार गाडी चालू करा आणि वरचा पाइप हातानं दाबत राहा. इंजिन तापायच्या आधीच, पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत पाइप दगडासारखा कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नव्हे, सिलिंडरचा. दुसरं, निळ्या द्रवाची टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवायची, आधी पातळी थोडी खाली घ्यायची म्हणजे कूलंट नळीत ओढलं जात नाही. इंजिन चालू ठेवून वरचा रबरी फुगा दाबायचा. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळं निळा द्रव पिवळा होतो. चांगल्या रेडिएटर दुकानात हे किट असतंच. त्याच दुकानात हातपंपाची प्रेशर टेस्टही करून घ्या. गार इंजिनावर झाकणाच्या जागी पंप लावायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा (बहुतेक ०.९ किंवा १.१ बार) आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर पाणी आत जातंय. स्पार्क प्लग काढून कुठला ओला आहे बघायचा. त्याच पंपाला अडॅप्टर लावून झाकणही तपासता येतं. ते आकड्याच्या बरंच आधी सुटत असेल तर पाणी लवकर उकळणार. एक बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब धरला नाही तर शंभरालाच. १०९ ला तुमचं खदखदतंय, यावरून झाकणाच्या मोठ्या झडपेवरही माझा विश्वास नाही.

साताऱ्याच्या दादांना सांगायचं म्हणजे, पंप झिजतो हे खरं. पण पंपाची शंका आधी मोजमाप करून मग. आणि थर्मोस्टॅट काढण्याबद्दल मी भांडणारच. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटला मागच्या बाजूला दुसरी चकती असते. मुख्य रस्ता उघडला की ती बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग ऐन घाटात थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे गार व्हावी म्हणून काढला आणि जास्त तापली. सपाटीला उलटं: ताईंचा ७१-७४ हा आकडा बघा. एवढ्या गार इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजत राहतो. अशा वेळी डोंगलवर पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड दिसला तर नवल नाही.

ओबीडी_वेडा

काकांशी सहमत. एक भर: लेझरचा थर्मामीटर, तो पिस्तुलासारखा, कुणाकडून मिळाला तर वरच्या आणि खालच्या पाइपचं तापमान मोजा. पण नेम रबरावर धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो. धातूवरच मोजायचं असेल तर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. आणि गाडीच्या काट्यावर विसंबू नका. कित्येक गाड्यांत काटा मुद्दाम निम्म्यावर धरून ठेवलेला असतो, १०० पार झालं तरी तो जागचा हलत नाही. म्हणून तुम्हाला तो “एकदम उडतो” असं वाटतं.

मेघना_कराड

काका, खूप आभार. रविवारी भावाला धरून बसवलं आणि बरंच केलं.

गार इंजिनावर झाकण उघडलं. रेडिएटर चांगला चार बोटं रिकामा, बाटली मात्र वरच्या रेषेपर्यंत! झाकणाच्या आतली छोटी चकती नखाने ओढली तर हलतच नाही, भोवती पांढरी खरपुडी धरलेली. नळी मोकळी आहे, फुंकून बघितली. गार गाडी चालू करून पाइप दाबत राहिले, मऊच होता. दुकानात निळी टेस्ट केली, निळीच राहिली. प्रेशर टेस्टला काटा हलला नाही. झाकण मात्र ०.९ चं असून ०.४ लाच सुटलं.

मग नवं झाकण घालून, पाणी भरून, भाऊ पाटणच्या पुढे एका चढाला एसी लावून घेऊन गेला. उकळली नाही, पण आकडा १०६ पर्यंत गेलाच. लगेच थांबून, इंजिन चालू ठेवून मोजलं: वरचा पाइप ९८, खालचा ९१. आता हे चांगलं की वाईट?

रेडिएटरवाला_उद्यमनगर

वाईट, पण माहिती लाखाची. रेडिएटरमधून फिरून आलेलं पाणी फक्त सात अंशांनी उतरतंय, आणि पंखा चालू असताना. रेडिएटर आतून, म्हणजे नळ्यांत क्षार बसून चोंदला असता तर खालचा पाइप बराच गार लागला असता आणि जाळीवर हात फिरवताना (इंजिन बंद करून, पंखा काढलेला असताना) मधेच गार पट्टे लागले असते. पंप गेला असता तरी पाणी रेंगाळलं असतं आणि फरक मोठा आला असता. तुमच्याकडं पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर जात नाही. म्हणजे वारा जाळीतून जात नाही.

समोरून जाळी स्वच्छ दिसेल. ती कंडेन्सरची. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बॅटरी मारून बघा. तुमच्या भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवायची म्हणजे पाचटाचा भुगा, धूळ, किडे सगळं आत जाणार. पैजेवर सांगतो, आत घोंगडीसारखा थर असणार.

साफ करताना एसीच्या पाइपांना हात लावायचा नाही, गॅस जाईल. पंखा काढा, रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडा, रेडिएटर इंजिनाकडं थोडा कलतो. मग बागेच्या साध्या पाइपनं इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेनं पाणी मारा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर गन नको, पातळ पात्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा बंद.

मेघना_कराड

काका, पैज जिंकलात. निम्म्या जाळीवर राखाडी थर, हाताने सोलून काढता आला. पाचट, कापसासारखं काहीतरी, आणि एक अख्खं फुलपाखरू. धुतल्यावर आरपार उजेड दिसायला लागला. परवा चिपळूणहून भर दुपारी एसी लावून आले, सर्वांत जास्त आकडा ९७. गॅरेजवाल्याला आकडे दाखवले तर म्हणाला “बघू किती दिवस टिकतंय”.

आता थर्मोस्टॅट परत बसवायचा आहे. नवा आणलाय, त्यावर ८८ लिहिलंय. बसवायच्या आधी तपासावा का? आणि कूलंट कुठलं?

रेडिएटरवाला_उद्यमनगर

नवासुद्धा तपासायचा. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. ८८ च्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला पाहिजे. पूर्ण उघडायला अजून दहा-बारा अंश लागतात, तेवढं घरच्या पाण्यात दिसणार नाही, काळजी करू नका. बाहेर काढल्यावर घट्ट मिटला पाहिजे. बसवताना त्याच्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा निघते.

कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नका. घट्ट असेल तर अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी अजिबात नको, झाकणावरची ती पांढरी खरपुडी त्याचीच असणार. जुनं काढल्यावर आधी डिस्टिल्ड पाण्यानं एकदा खळबळून घ्या, नव्या-जुन्याची मिसळ नको. भरताना गाडीचं तोंड चढाला, हीटर फुल गरमवर, वरचा पाइप दाबून दाबून बुडबुडे काढायचे. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. पूर्ण गार झाल्यावर पातळी परत बघायची.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चव गोड असते, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. डब्यात भरून, झाकण लावून दुकानात परत द्या.

सातारी_सीएनजी

काका, मग माझ्या गाडीला थर्मोस्टॅट बसवूनच टाकू का? ॲव्हरेज कमी पडतंय ते त्यामुळंच का?

रेडिएटरवाला_उद्यमनगर

डोंगल लावा, सपाट रस्त्याला अर्धा तास चालवा आणि आकडा इथं टाका. मग सांगतो.