मदत हवी आहे: करडांना हाताची सवय कधीपासून लावावी?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरजवळ हिंगण्याकडे राहतो, घरी बेरारी शेळ्या आहेत. मागच्या वेताची करडं आईच्याच दुधावर वाढली. आता खूर कापायला धरलं की कुंपणाला धडका मारतात; लस टोचताना त्यांची तडफड बघवत नाही. शेजारची बाटलीवर वाढलेली पाठ (तरुण शेळी) मात्र हाक मारताच येऊन बोटं चोखते.

आता दोन शेळ्या गाभण आहेत. चीक (व्याल्यानंतरचं पहिलं दूध) आईचाच पाजणार, त्यात तडजोड नाही. पण पहिल्या दिवसापासून रोज थोडा वेळ मांडीवर घेऊन कान, पाय, खूर चोळले, तर आईजवळ ठेवूनही करडं माणसाळतात का? की बाटलीच लागते? बोकड फार लाडावला तर मोठेपणी माणसालाच टक्कर देतो म्हणतात, त्याची जास्त काळजी वाटते. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.