डीएनएचं निष्कर्षण, विलगीकरण की अर्क?

प्रश्न : पेशींतून डीएनए-आरएनए वेगळा काढतात, त्या प्रक्रियेसाठी ‘निष्कर्षण’, ‘विलगीकरण’ आणि ‘अर्क काढणे’ असे तीन शब्द वाचनात आले. कोणता वापरावा?

उत्तर : ‘अर्क’ आधी बाजूला ठेवा. अर्कात पदार्थातलं जे जे विरघळेल ते सगळं उतरतं. इथे प्रथिनं, मेद, शर्करा मागे ठेवून केंद्रकाम्ल, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, तेवढं हवं असतं.

‘निष्कर्षण’ मला योग्य वाटतो. कर्षण म्हणजे ओढणं. फिनॉल-क्लोरोफॉर्मची जुनी रीत पाहिली की शब्द पटतो. डिटर्जंटने पेशी फोडायच्या, मग हे मिश्रण घालून नळी हलवायची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. वर पाण्याचा थर राहतो, खाली फिनॉल-क्लोरोफॉर्मचा, आणि दोहोंच्या मधे प्रथिनांचा पांढरट पापुद्रा. डीएनए वरच्या थरात असतो. तो पिपेटने उचलताना टोक पापुद्र्याला लागू द्यायचं नाही. लोभाने शेवटचा थेंबही घ्यायला गेलं की प्रथिनं हमखास सोबत येतात. पुढे मीठ आणि थंड इथेनॉल घातल्यावर डीएनएचे पांढरे तंतू दिसू लागतात, त्या टप्प्याला मात्र ‘अवक्षेपण’च म्हणावं.

‘विलगीकरण’ चूक नाही, पण २०२० पासून तो शब्द वाचला की रुग्णाची वेगळी खोलीच आठवते. शिवाय ‘विषाणूचं विलगीकरण’ हे स्वतंत्र काम आहे : त्यात विषाणू जिवंत पेशींवर वाढवून मिळवतात. आरएनएच्या निष्कर्षणात पहिल्याच द्रावणाने विषाणू फुटतो. एकाच अहवालात दोन्ही कामं असली तर एकच शब्द वापरून घोटाळा होईल.

पुरवणी प्रश्न : मग ‘शुद्धीकरण’?

उत्तर : ते निष्कर्षणाला जोडून येतं, पण दोन्ही एक नव्हेत. डीएनए हाती आला तरी तो शुद्ध असेलच असं नाही. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर डीएनएसाठी १.८ च्या आसपास हवं. बरंच खाली गेलं तर प्रथिनं किंवा फिनॉल उरल्याची शंका घ्यावी.

आणि ‘केंद्रकाम्ल’ या नावावरून फसू नका. स्विस संशोधक फ्रीडरिश मीशरला १८६९ मध्ये पुवातल्या पेशींच्या केंद्रकांत हा पदार्थ सापडला, म्हणून नावात केंद्रक आलं. जिवाणूंना केंद्रक नसतं, तरी त्यांच्यातूनही केंद्रकाम्लाचं निष्कर्षण करता येतं, आणि तसंच लिहावं.