‘आई मला बोलल्या’ : रागावल्या की म्हणाल्या?

ओसरी : एका क्रियापदावरून आमच्या घरात चार दिवस अबोला चालू आहे, म्हणून विचारतो. बायको ठाण्याची, आम्ही सदाशिव पेठेतले. रविवारी ती फोनवर तिच्या आईला सांगत होती, "आई मला बोलल्या, की चातुर्मासात वांगं नको." माझ्या आईनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. "मी कधी बोलले तिला? मी नुसतं म्हटलं!" बायको म्हणते, मीही तेच सांगत होते. ‘एखाद्याला बोलणे’ म्हणजे रागावणे, हा अर्थ पुण्यापुरताच आहे का?

वेलांटी : मुळीच नाही. आमच्या साताऱ्यातही हाच अर्थ. सगळा खेळ प्रत्ययाचा. "बाबा माझ्याशी बोलले" म्हणजे समेट, "बाबा मला बोलले" म्हणजे रडारड. ‘लेकी बोले सुने लागे’ आठवा. लेकीला बोलायचं, लागायचं सुनेला.

माहेरवाशीण : मी आजवर समजत होते की लेक बोलते आणि सुनेला लागतं! म्हणजे नणंदेचा टोमणा. आमच्याकडे घडायचंही तसंच, त्यामुळे कधी शंका आली नाही.

वेलांटी : मग ‘लेक बोले’ असतं. ‘लेकी’ म्हणजे इथे लेकीला, ‘सुने’ म्हणजे सुनेला.

जुनी पेठ : ‘म्हणाल्या’च्या जागी ‘बोलल्या’ ही मुंबईची सवय आहे, हिंदीच्या शेजारानं लागलेली. चूक ती चूक. ‘म्हणणे’ थेट संस्कृत ‘भण्’ धातूपासून आलं. इतकं जुनं क्रियापद आपल्या हातानं घालवायचं?

अनुस्वार : माझे आजोबा गिरगावात जन्मले आणि जन्मभर "मी बोललो ना तुला" म्हणत आले. त्यांची मराठी चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय अर्थ पुढच्या शब्दांवर कळतो. "बोलल्या, की" आलं तर सांगणं. "बोलल्या" वर वाक्य संपलं तर रागावणं.

जुनी पेठ : ‘की’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला लागलेलं असतं, त्याचं काय?

तर्जुमा : मी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयासाठी अर्जांची इंग्रजी भाषांतरं करते. "सासूबाई मला सारख्या बोलायच्या" हे वाक्य मला वरचेवर भेटतं. त्याचं ‘सांगायच्या’ केलं तर त्या बाईची तक्रारच पुसली जाते. ‘ओरडायच्या’ केलं तर नसलेला आवाज चढतो, कारण माणसाला हळू आवाजातही बोलता येतं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. मी या एका शब्दाशी दुपारभर अडते. आणि ‘बोलणी’ पाहा. बोलणी झाली की लग्न ठरतं, मग त्याच घरात बोलणी खावी लागतात.

अनुस्वार : ‘बोल लावणे’ही त्यातलंच. आजी म्हणायची, "कुणाला बोल लावू नये." मारलेलं विसरेल, बोललेलं विसरणार नाही, असा तिचा अनुभव होता.

ओसरी : हे सगळं पटतं, पण मी बायकोला काय सांगू? "आईसमोर ‘म्हणाल्या’ म्हण" असं सांगितलं तर तिच्या माहेरची भाषा कमी ठरते. तेही लागणारच.

जुनी पेठ : सून ‘स्नुषा’वरून, नणंद ‘ननान्दृ’वरून. नणंदेची तर जुने लोक ‘न नन्दति’ अशी फोड करत, जी आनंदी होत नाही ती. हे दुखणं फार जुनं आहे.

माहेरवाशीण : ही फोड मला अजिबात पटत नाही. मी स्वतः नणंद आहे. ‘वन्सं’वर कुणाला काही माहीत आहे का? मोठी भावजय मला तीस वर्षं ‘वन्सं’ म्हणायची. ती गेली. धाकटी ‘ताई’ म्हणते, मायेनंच म्हणते. पण ‘वन्सं’ म्हणून आता घरात कुणी हाक मारत नाही, ते लागतं.