मायक्रोटिकवर रेडियस: ग्राहक लॉगिन होतात, पण रॅडअॅक्ट टेबल रिकामेच

प्रश्न – नेटजोडणी
नमस्कार मंडळी. मायक्रोटिक राउटर, राउटर-ओएस ७, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने ग्राहकाला नेट जोडण्याची पद्धत) सर्व्हर. उबंटूवर फ्रीरेडियस ३ (रेडियस म्हणजे लॉगिन तपासून वापराची नोंद ठेवणारी यंत्रणा) आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल. युजर रॅडचेक टेबलमध्ये आहेत आणि लॉगिन व्यवस्थित होते. पण वापराच्या नोंदींच्या रॅडअॅक्ट टेबलमध्ये एकही ओळ पडत नाही, त्यामुळे कोणी किती डेटा वापरला ते कळत नाही. विनबॉक्समध्ये (राउटरची सेटिंग करायचा प्रोग्राम) रेडियसच्या स्टेटस टॅबवर अॅक्सेप्ट्स वाढतात, पण टाइमआउट्सही वाढतच राहतात. कुठून तपासायला घ्यावे?

पॅकेट_पाटील
टाइमआउट्स वाढतात म्हणजे राउटर अकाउंटिंगची (वापराच्या नोंदीची) पॅकेट पाठवतोय, उत्तर मात्र येत नाही. तरी पीपीपी → सीक्रेट्स → पीपीपी ऑथेंटिकेशन अँड अकाउंटिंग उघडून यूज रेडियस आणि अकाउंटिंग दोन्हींवर टिक आहे ना, ते बघून घ्या. इंटरिम अपडेट (चालू जोडणीचा आकडा दर किती वेळाने पाठवायचा तो काळ) ५ मिनिटे ठेवा. तो रिकामा असला तर डेटाचा आकडा थेट ग्राहक डिसकनेक्ट झाल्यावरच येतो.

मग फायरवॉल. ऑथेंटिकेशन (लॉगिनची तपासणी) यूडीपी पोर्ट १८१२ वर चालते, अकाउंटिंग १८१३ वर. पहिला पोर्ट उघडून दुसरा राहून जाणे फार वेळा होते. रेडियसच्या नोंदीत जुने १६४५ आणि १६४६ पडलेले नाहीत ना, तेही बघा. राउटरला एकाहून अधिक आयपी असतील तर सोर्स अॅड्रेस स्वतः भरा. नाहीतर रूट बदलला की पॅकेट दुसऱ्याच आयपीवरून निघते आणि सर्व्हर ते ‘अननोन क्लायंट’ म्हणून सोडून देतो. टाइमआउटचे डीफॉल्ट अर्ध्या सेकंदाहूनही कमी आहे. डेटाबेसवर लोड आला की ते पुरत नाही, ३००० मिलिसेकंद करा.

रेडियसच्या सीक्रेटवर (राउटर आणि सर्व्हरमधला सामायिक पासवर्ड) संशय घेऊ नका. ते चुकले असते तर राउटरने सर्व्हरची उत्तरे नाकारली असती आणि बॅड रिप्लाइजचा आकडा चढला असता.

लिनक्सवेडा
पाटीलसाहेबांच्या म्हणण्याला जोड: पोर्ट उघडा असूनही असेच होऊ शकते. रॅडअॅक्टमध्ये नोंद लिहिता आली नाही तर फ्रीरेडियस अकाउंटिंगचे उत्तरच पाठवत नाही. हे योग्यच आहे, कारण उत्तर गेले तर राउटर समजेल की नोंद झाली.

सर्व्हिस थांबवा आणि फ्रीरेडियस वजा-मोठा-एक्स या डीबग मोडमध्ये चालवा. एक ग्राहक डिसकनेक्ट करून पुन्हा जोडा. अकाउंटिंग-रिक्वेस्ट दिसलीच नाही तर अडचण फायरवॉलची. दिसली आणि खाली ‘अननोन कॉलम अॅक्ट-अपडेट-टाइम’ अशी एरर आली, तर टेबल जुन्या आवृत्तीच्या स्कीमावर (टेबलच्या रचनेवर) बनलेले आहे. आवृत्ती ३ सोबत मिळणाऱ्या स्कीमा फाइलने रॅडअॅक्ट नव्याने बनवा. तुमचे रिकामेच आहे, त्यामुळे काही गमवायचे नाही.

नेटजोडणी
तीच एरर होती. नवीन स्कीमा टाकल्यावर नोंदी पडू लागल्या, धन्यवाद! आता एक लॉगिन एकाच ठिकाणी चालावे म्हणून सायमलटेनियस-यूज १ दिले आहे. पण वीज जाऊन राउटर रीस्टार्ट झाला की बरेच ग्राहक ‘आधीच लॉगिन आहे’ म्हणून रिजेक्ट होतात.

लिनक्सवेडा
वीज गेली की राउटर स्टॉप पॅकेट (जोडणी संपल्याची सूचना) पाठवूच शकत नाही. त्या ओळींत अॅक्ट-स्टॉप-टाइम नल (रिकामा) राहतो आणि सर्व्हर ती सेशन चालू धरतो. क्रॉनमधून (ठरावीक वेळी आपोआप कामे चालवण्याची सोय) दर ५ मिनिटांनी एक क्वेरी चालवा: स्टॉप-टाइम नल आणि शेवटचा अपडेट १५ मिनिटांहून जुना असेल, तर स्टॉप-टाइममध्ये तोच अपडेट-टाइम भरा. १५ म्हणजे तीन इंटरिम. याहून कमी ठेवू नका, एखाददुसरे पॅकेट हरवले की चालू सेशनही बंद धरली जाईल.

राउटरवर एनटीपी क्लायंट (नेटवरून घड्याळ जुळवणारा) चालू हवाच. नोंदीतली वेळ राउटरने पाठवलेल्या इव्हेंट-टाइमस्टॅम्पवरून घेतली जाते. राउटरचे घड्याळ मागे असेल तर ही क्वेरी जिवंत सेशनही बंद करेल.

पॅकेट_पाटील
राउटर एकच असेल तर एवढा खटाटोप नको. पीपीपी प्रोफाइलमध्ये ओन्ली वन (एका युजरला एकच जोडणी) ‘येस’ करा आणि सायमलटेनियस-यूज काढून टाका. दोन राउटर झाले की मात्र सर्व्हरवरच करावे लागते.

बिलिंगला हात घालण्याआधी दोन गोष्टी. अॅक्ट-इनपुट-ऑक्टेट्स म्हणजे राउटरकडे आलेला डेटा, अर्थात ग्राहकाचा अपलोड. डाउनलोड आउटपुटमध्ये असतो. आणि हा आकडा ३२ बिटांचा आहे, ४ जीबीनंतर शून्यावर येतो. तो किती वेळा शून्यावर आला, ते गिगावर्ड्समध्ये येते. फ्रीरेडियसच्या मूळ क्वेरी दोन्ही जोडून घेतात, पण कोणाच्या तयार स्क्रिप्टमध्ये ते सुटले असेल तर सर्वांत जास्त वापरणाऱ्याचेच बिल कमी निघेल.