सर्टिफिकेट असूनही आयोजक संवाद गाळा म्हणतात, मदत हवी आहे

आमची एकांकिका आहे, ३५ मिनिटांची, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून (म्हणजे नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) एकही कट न होता पास झालीय, सर्टिफिकेट हातात आहे. आता स्पर्धा चार दिवसांवर आली आणि आयोजक म्हणतात सरपंचाच्या तोंडची दोन वाक्यं काढा, "कुणाच्या तरी भावना दुखावतील". कुणाच्या ते सांगत नाहीत, लेखीही देत नाहीत, फक्त फोन. सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवून झाली, उपयोग शून्य. नियमावलीत यावर काहीच नाही. तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकाच्या वेळी सेन्सॉरच्या आक्षेपामुळे साडीवरचा लाल डाग निळा केला आणि प्रयोगाआधी तसं जाहीर केलं, तसं काही करावं असंही डोक्यात आलं 😄 माघार घ्यायची नाहीये, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. तर पास संहितेतली वाक्यं गाळायला आयोजक भाग पाडू शकतात का, आणि गाळलीच तर संहिता पुन्हा मंडळाकडे पाठवावी लागते का?